कँटनी भाषेंत मत कसें द्यावें

हाँगकाँग, मकाव व ग्वांगडाँग प्रांतांत चालणारी कँटनी भाषा शिकूं लागणारास प्रथम हातीं येतो तो 'ङो कॉक-तक' हा प्रयोग. म्हणजे 'मला वाटतें'. नुसता अंदाज असेल तर 'ङो नम', सभेंत वा लेखांत 'ङो यिंग-वइ'. इथवर वाट सोपी आहे. खरी मेख आहे ती 'यि-वइ' या शब्दांत. कोशांत त्याचाहि अर्थ 'वाटणें' असाच सांपडतो. परंतु बोलण्यांत तो बहुधा 'वाटलें होतें, पण तसें नव्हतें' असा घेतला जातो. औषधाची शिफारस करूं जाणारा मनुष्य या एका शब्दानें तें निरुपयोगी ठरल्याची ग्वाही देऊन बसतो!

मताचा जोर मात्र वाक्याच्या शेपटांत असतो. अखेरीस 'क्वा' आला कीं 'असेल बुवा' अशी शंका. 'लो' आला कीं 'हें उघडच आहे' असा सूर. खालून चढत्या हेलाचा 'वो' म्हणजे तर थेट आपलें 'म्हणे'. 'खोय वुइ लेइ वो', तो येणार म्हणे. मत परक्याचें, जबाबदारीहि परक्याची. मराठी माणसास या अव्ययाचा अर्थ शिकवावा लागत नाहीं, हेल तेवढा शिकवावा लागतो. कारण हाच 'वो' मध्यम, सपाट स्वरांत उच्चारला तर ऐकीव बातमी न राहतां बोलणाराच्या स्वतःच्या ध्यानीं आलेली नवी गोष्ट होते.