‘येतो’ म्हणून जाणारी माणसे

मराठी माणूस कोणाच्या घरून निघताना ‘जातो’ असे म्हणत नाही. ‘येतो’ म्हणतो आणि चालू लागतो. ‘एकदा जेवायला या’ या आमंत्रणाला वार आणि वेळ जोडलेली नसेल, तर कोणी ताट मांडून वाट पाहत नाही. हे नियम कोणत्याही क्रमिक पुस्तकात छापलेले नाहीत. बहुतेक मुले ते नकळत उचलतात. काही मुलांना मात्र ते तसे उचलता येत नाहीत. शब्दाचा जो अर्थ, तोच ती धरून चालतात. अशा ११ मुलांचे वर्णन लिओ कॅनर या वैद्याने १९४३ साली प्रसिद्ध केले. त्या अवस्थेला आपण स्वमग्नता म्हणतो. शब्द रूढ झाला आहे. पण या मुलांना संगत नकोच असते, अशी जी सूचना त्यात आहे ती अन्यायाची आहे. पुष्कळांना संगत हवी असते, तिच्यात शिरण्याची वाट सापडत नाही.

भिलाईतील कुरुदसारख्या वस्तीत राहणाऱ्या एखाद्या मराठी घराचा विचार करा. १९५९ साली भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि देशाच्या नाना भागांतून माणसे तेथे आली. तेथील मुलाच्या कानांवर घरी मराठी, शाळेत हिंदी आणि गल्लीत छत्तीसगढी पडते. ‘आप’, ‘तुम’ आणि ‘तू’ या पायऱ्या त्याला कोणी समजावून देत नाही. १४ वर्षांच्या स्वमग्न मुलाने शिक्षकांना ‘तू’ म्हटले की तो उद्धट ठरतो; वर्गमित्राला ‘आप’ म्हटले की सारा वर्ग हसतो. लहानपणी हे खपून जाते. या वयात मैत्री खेळण्यांवरून उठून गप्पांवर, थट्टेवर आणि अर्धवट बोललेल्या वाक्यांवर येते, आणि तेथेच हा मुलगा एकटा पडतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अशा मुलांना सर्वांबरोबर शिकण्याचा हक्क दिला आहे. पण मधल्या सुट्टीत डबा कोणाबरोबर उघडावा, हे कायदा कसे सांगणार?

ते शिकवावे लागते, आणि शिकविता येते. मात्र वडीलधाऱ्यांचा उपदेश येथे फारसा उपयोगी पडत नाही. कॅलिफोर्नियात एलिझाबेथ लॉगेसन आणि फ्रेड फ्रँकेल यांनी किशोरांसाठी बसविलेला अभ्यासक्रम २०१० साली पुस्तकरूपाने आला. मोठ्यांना काय योग्य वाटते ते बाजूला ठेवून, समवयस्कांत ज्यांचे जमते ती मुले प्रत्यक्ष काय करतात, हे त्यात शिकविले जाते. कोणी चिडविले तर ‘लक्ष देऊ नकोस’ असे आपण सांगतो. गप्प बसलेल्या मुलाला अधिकच चिडवितात, हे आपण विसरतो. येथे मुलाकडून एक छोटे, बेफिकीर उत्तर घोटवून घेतात. भिलाईच्या वर्गात ‘तो क्या हुआ?’ एवढे पुरे. चाललेल्या गप्पांत शिरायचे तर आधी ऐकावे, विषय कळू द्यावा, क्षणभर खंड पडला की त्याच विषयावर बोलावे. आईवडिलांनाही हे धडे दिले जातात, कारण सराव घरीच व्हायचा असतो.

एका गोष्टीची मात्र मला धास्ती वाटते. ‘डोळ्यांत पाहून बोल’ असा हट्ट धरला, तर पुष्कळ स्वमग्न मुलांना ते इतके जड जाते की समोरचा काय बोलतो याकडे त्यांचे लक्षच राहत नाही. दिवसभर दुसऱ्यासारखे वागण्याच्या ओझ्याने मूल थकते. डेमियन मिल्टन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने, जो स्वतः स्वमग्न आहे, २०१२ साली असे मांडले की न समजणे हे दोन्ही बाजूंचे असते. आपल्याला त्याचे मन कळत नाही, हा दोष आपण त्याच्याच खात्यावर टाकतो.

म्हणून धडे वर्गालाही हवेत. ‘फळा पुसशील का?’ असे विचारल्यावर मुलगा ‘हो’ म्हणून जागेवर बसून राहिला, तर ‘फळा पूस’ असे म्हणावे. आणि मित्राने ‘कधी तरी घरी ये’ म्हणण्याऐवजी ‘रविवारी चारला ये, सहापर्यंत खेळू’ असे सांगावे. मग तो बरोबर चारला दारात उभा असेल.