सीझरच्या नावावर खपणारे सुविचार

शौर्य, दैव, माणसाचा स्वभाव यांवरचा भारदस्त सुविचार मोबाइलवर आला की खाली अनेकदा ज्युलियस सीझरची सही असते. बहुतेक वेळा ती खोटी असते.

गैरसमज : भित्रा माणूस मरणाआधी अनेकदा मरतो, हे सीझरचे बोल.
वस्तुस्थिती : ते शेक्सपिअरच्या नाटकातले. ते नाटक 1599च्या सुमाराचे, सीझरचा खून इ.स.पू. 44मधला. नशीब धाडसी माणसाची बाजू घेते, ही म्हण तर सीझरच्या जन्माआधीच टेरेन्सच्या नाटकात आहे.

गैरसमज : मरायला तयार होणारे पुष्कळ सापडतात, यातना सोसणारे थोडे, हे सीझरचे मत.
वस्तुस्थिती : वाक्य सीझरच्याच ग्रंथात आहे, म्हणून फसगत होते. पण बोलतो क्रिटोग्नाटस, अलेसियात सीझरच्या सैन्याने वेढलेला गॉल सरदार. धान्य संपत आलेले असताना शरण जाण्यापेक्षा लढायला निरुपयोगी माणसांना मारून खावे, असे तो सुचवतो. सीझर ते भाषण त्यातल्या अघोरी क्रौर्यासाठी नोंदवतो आणि आपण ते भिंतीवर लावतो!

माणसाला जे हवे असते त्यावर तो खुशाल विश्वास ठेवतो, हे निरीक्षण मात्र खरोखर सीझरचे. खोट्या फितुराच्या थापेला भुलून रोमन छावणीवर चालून गेलेल्या गॉलांबद्दल त्याने ते लिहिले.

गैरसमज : सीझरचा सारा भरवसा नशिबावर.
वस्तुस्थिती : युद्धात दैवाचा हात मोठा असतो, हे तो मान्य करतो. पण इ.स.पू. 48मध्ये डिराकियमला प्रतिस्पर्धी पाँपीकडून मार खाल्ल्यावर त्याने सैनिकांना सांगितले की, दैव कमी पडले तर कष्टाने भरून काढा. त्याच उन्हाळ्यात फार्सालसला तो जिंकला.

हे ऐकून मराठी माणसाला रामदास आठवणारच. प्रयत्नाला देव मानणारा त्यांचा ‘दासबोध’ हिंदीत आणला रायपूरच्या माधवराव सप्र्यांनी. तिथल्या बूढापारा भागातल्या सप्रे शाळेच्या मैदानावरून जाणाऱ्यांना निदान नाव तरी ठाऊक असते.

गैरसमज : धीराचा माणूस कधी वाकत नाही.
वस्तुस्थिती : ‘हिंदी केसरी’चे संपादक सप्रे 1908मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडले गेले आणि माफीपत्रावर सही करून सुटले. ते त्यांच्या मनाला फार लागले. रामदासी मठात काही काळ काढून ते रायपुरात कामाला लागले. 1911मध्ये मुलींची शाळा काढली. त्याच 1908मध्ये शिक्षा झालेल्या टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहिले. त्याचा हिंदी अनुवाद सप्र्यांचाच आहे.