शिरोभ्यंग : लाभ व मर्यादा

रुग्णाच्या डोक्यास तेल लावावे काय, अशी पृच्छा नातेवाइकांकडून वारंवार होते. वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त मूर्धतैलाचे अभ्यंग, सेक, पिचू व बस्ती असे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी अभ्यंग घरोघरी परिचित आहे. खर्च वाटीभर तेलाचा, ही गोष्ट हिशेब पाहणाऱ्या आमच्यासारख्यास विशेष भावते. मंद दाबाने कानशिलांचे व मानेलगतचे आखडलेले स्नायू सैलावतात, नाडीची गती काही काळ मंदावते व मन शांत होते. उशाशी रात्री जागून काढणाऱ्या आप्तांनाही हा विसावा लाभावा. मात्र परिणाम अल्पकालीन असल्याने त्यावर विसंबून रक्तदाबाच्या गोळ्या बंद करू नयेत. डोक्यावर शस्त्रक्रिया वा मार असल्यास, तसेच तापात, डॉक्टरांची अनुमती घ्यावी.

चंपीनंतर मान कडकन मोडण्याची प्रथा मात्र सर्वथा वर्ज्य समजावी. त्या झटक्याने मेंदूस रक्त पुरविणारी मानेतील धमनी आतून फाटून प्रसंगी पक्षाघात होऊ शकतो. अकस्मात तीव्र डोकेदुखी उद्भवल्यास किंवा वाचा अडखळल्यास तेलाची बाटली शोधत न बसता रुग्णास तत्काळ रुग्णालयात आणावे.