बाळाच्या लाथांचा हिशेब

कंबरेचा सांधा हा उखळीचा सांधा आहे. मांडीच्या हाडाचा गोल माथा कंबरेच्या हाडातील खोबणीत फिरतो. काही अर्भकांची ही खोबण जन्मतः उथळ असते आणि माथा तिच्यातून निसटतो. पूर्वी तो बळाने बसवून दोन्ही पाय फाकवून प्लास्टरमध्ये जखडीत. सांधा बसे, परंतु दाबाने रक्तपुरवठा तुटून माथाच खराब झाल्याची उदाहरणे पुष्कळ घडत.

आर्नोल्ड पावलिक या चेक अस्थिवैद्यांनी निराळा विचार केला. खांद्यांवरून येणाऱ्या पट्ट्यांनी पाय कंबरेत व गुडघ्यांत वाकलेले ठेवायचे. ते सरळ ताणता येऊ नयेत, पण झाडता यावेत. १९५० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी या साधनाला ‘रिकिबी’ म्हटले. घोडेस्वार पाय ठेवतो, त्या रिकिबी. बाळ पाय झाडते तसे आखडलेले स्नायू सैल होतात, माथा खोबणीत उतरतो आणि पुढे त्याच्याच आधाराने खोबण खोल होत जाते.

म्हणजे येथे औषध कोणते, तर बाळाची स्वतःची हालचाल. मग तिची मात्रा मोजावयास नको काय? मनगटी घड्याळाएवढे संवेदक घोट्यांवर बांधून संशोधक आता हेच करू पाहत आहेत. पायाचा वेग किती झपाट्याने बदलला आणि पाय किती वळला, याची नोंद हे यंत्र सेकंदातून अनेकवार घेते. अडचण एकच, पण खट्याळ: आईने बाळाला उचलून झुलविले, तर तीही हालचाल नोंदली जाते. ती वेगळी काढण्यातच गणिताची खरी कसोटी लागते.

हा खटाटोप कशासाठी? पट्टे फार आवळले जाऊन मांडी अधिक वाकली, तर मांडीच्या पुढील मज्जातंतूवर दाब येतो आणि बाळ गुडघा ताणीनासे होते. घरच्यांना वाटते, बाळ पट्ट्यांना सरावले, शांत झाले. ही शांतता बरी नव्हे. वेळीच कळले, तर पट्टे सैल करून किंवा काही काळ काढून पाय बहुधा पूर्ववत होतो.

माथा जागी बसला की नाही, हे मात्र संवेदक सांगत नाही. त्यासाठी सोनोग्राफीच हवी. आणि असे यंत्र घरोघरी नाही. तेव्हा दुपटे बदलताना आईने दोन्ही गुडघे ताणले जातात ना, एवढे पाहावे. एक जरी स्वस्थ दिसला, तर पट्ट्यांना स्वतः हात न लावता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.