संत्र्याची साल आणि ओकारीचे मर्म

आंबिया बहाराची तोडणी सुरू झाली की पांढुर्णा आणि सौंसरच्या बगीचांत संत्र्यांच्या राशी लागतात. मुले दिवसभर संत्री सोलतात, आणि साली उकिरड्यावर जातात. वाचकांना नवल वाटेल, पण याच कुळीच्या फळाची साल चीन देशात वाळवून जपून ठेवतात व ओकारीवर औषध म्हणून देतात. तिला ते ‘चेन-पी’, म्हणजे जुनी साल, असे म्हणतात. क्वांगतुंग प्रांतात ती निदान तीन वर्षे मुरवितात. साल जितकी जुनी तितकी तिची किंमत अधिक.

ओकारीविषयी चिनी वैद्यांचा विचार साधा आहे. अन्न खाली नेणे हा जठराचा धर्म होय. जठरातील प्राणशक्तीने, जिला ते ‘छी’ म्हणतात तिने, खालची वाट सोडून वरची धरली म्हणजे ओकारी होते. परंतु ती उलट का फिरली, हे जाणल्यावाचून वैद्य औषध देत नाही. अति खाण्याने अन्न कुजले असेल, तर आंबट ओकारी होते व ओकल्यावर बरे वाटते. तेथे साचलेले अन्न पचविण्याचा उपाय करतात. थंडी बाधली असेल, तर आल्यासारखी उष्ण औषधे देतात. रागाने वा काळजीने पोट बिघडले असेल, तर आधी मन शांत करणे आले. दीर्घ दुखण्याने जठर दुबळे झाले असेल, तर त्यास बळ देतात. रोग एकच दिसतो, उपचार मात्र निरनिराळे!

सुमारे अठराशे वर्षांपूर्वी चांग चुंग-चिंग नावाचा थोर वैद्य होऊन गेला. कोरड्या उमाळ्यांवर त्याने संत्र्याची साल व ताजे आले यांचा काढा सांगितला आहे. पण त्याच ग्रंथात तो बजावतो की, पोटात गळू होऊन पू पडत असेल तर ओकारी थांबवू नये. पू निघून गेला म्हणजे ती आपोआप थांबते. आपल्या चरकाचार्यांनीही ओकारीचे पाच प्रकार सांगितले आणि तिचा वेग बळेच रोखू नये असे म्हटले. दोन दूरच्या देशांतील ज्ञाते एकच गोष्ट सांगतात: ओकारी हा निरोप्या आहे, निरोप ऐकल्याविना त्याला दाराबाहेर काढू नये.

चिनी वैद्य सुया टोचून वा दाबूनही ओकारीवर इलाज करतात. मनगटाच्या वळीपासून आपल्याच तीन बोटांच्या रुंदीवर, आतल्या बाजूस, दोन शिरांच्या मधोमध जी जागा आहे तिला ते ‘आतली वेस’ म्हणतात. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर सुयांचा गुण येतो, असे अमेरिकेतील तज्ज्ञांच्या मंडळाने १९९७ साली मान्य केले. ही विद्या भारतात आणणारे डॉ. विजयकुमार बसू हे १९३८ साली चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांपैकी एक होते; सोलापूरचे डॉ. कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर हे त्यांचे सोबती.

हे सारे आम्ही सांगतो ते केवळ कौतुकासाठी नव्हे. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्या शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या विषारी औषधाने अनेक कोवळी बालके दगावली. त्यांना ओकाऱ्या होऊ लागल्या, लघवी बंद झाली. विष मूत्रपिंडांत शिरले होते. तेथे साल आणि आले काय करणार? बगीचात औषध फवारून आलेला गडी ओकू लागला, तर तेही विषच समजावे. त्याला आणखी ओकवू नये, अंगावरचे कपडे काढून अंग धुवावे, आणि औषधाची बाटली सोबत घेऊन तत्काळ दवाखाना गाठावा.

साध्या ओकारीत खरे भय असते ते अंगातील पाणी आटण्याचे. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. मूल ओकले की दहा मिनिटे थांबून, मग चमचा चमचा पाजत राहावे. तान्ह्याचे अंगावरचे दूध तोडू नये. मोठ्या माणसास आल्याचा पातळ काढा घोट घोट द्यावयास हरकत नाही. सालही चालेल, पण फवारणी झालेल्या फळाची नको.

मात्र ओकारीत रक्त वा हिरवे पित्त दिसले, डोक्यास मार लागलेला असला, पोट फुगून कडक झाले, मूल गुंगीत गेले किंवा त्याची लघवी थांबली, तर क्षणाचाही विलंब लावू नये. मातांनो, औषधाच्या बाटलीकडे हात नेण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःस विचारा: हे का ओकते आहे? उत्तर सापडले तर अर्धा उपचार झाला. न सापडले तर डॉक्टरांचे दार ठोठवा.