नायलॉनचा दोरा आणि दोन थर

पपायरसचा दांडा त्रिकोणी असतो. गोल समजून मुठीत धरावा तर त्याच्या तीन धारा तळव्याला लागतात. आपल्या शेताच्या बांधावर उगवणारा नागरमोथा याच कुळातला. त्याचाही दांडा तीनधारीच, पण उंची हातभर. नाईलकाठचा हा भाऊबंद चिखलात मुळं रोवून चार-पाच मीटर चढतो आणि माथ्यावर हिरव्या तंतूंचा मोठा झुपका धरतो. त्या झुपक्याचा कागदाशी काही संबंध नाही. कागद निघतो तो दांड्यातून.

हे काम पाहायचं तर कैरोच्या ईशान्येला सुमारे 80 किलोमीटरवर, शर्किया प्रांतातल्या अल-करामूस गावी जावं. मी गेलो तेव्हा एका घराच्या पडवीत तीन बायका जमिनीवर बसून दांडे सोलत होत्या. शेजारी हाताएवढ्या लांबीच्या तुकड्यांचा ढीग होता. सुरीने हिरवी साल ओढली की आत पांढराशुभ्र, ओलसर गर दिसतो. लग्नाच्या बाशिंगाला वापरतात त्या भेंडासारखा हलका, फक्त रसाने भरलेला. हा गर सुरीने चिरत नाहीत. खिळ्याला बांधलेला नायलॉनचा दोरा ताणून धरायचा आणि तुकडा त्यावरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ओढायचा. पातळ पट्टी अलगद सुटते. सुरीच्या पात्याने गर दबतो, दोऱ्याने दबत नाही. त्यातली एक बाई माझ्याशी बोलतानाही दोऱ्याकडे पाहत नव्हती, तरी प्रत्येक पट्टी शेवटपर्यंत सारख्याच जाडीची निघत होती. हे कसब तिच्या बोटांत होतं, आणि ते शिकवायला कोणतंही यंत्र पुरणार नाही असं मला तिथे बसून ठामपणे वाटलं.

पट्ट्या मग पाण्यात जातात. गरातली साखर निघून जावी म्हणून त्या काही दिवस भिजवतात. जितकं जास्त भिजवणं, तितका कागदाचा रंग गडद. ग्राहकाला जुना दिसणारा तपकिरी कागद हवा असेल तर तो इथेच ठरतो.

त्यानंतरचं काम पाहताना मी बराच वेळ उभा राहिलो. मेजावर ओलं सुती कापड पसरलेलं. त्यावर एक मुलगी उभ्या पट्ट्या लावत होती. प्रत्येक पट्टीची कड शेजारणीवर किंचित चढलेली. तो थर पूर्ण झाला की त्यावर आडव्या पट्ट्यांचा दुसरा थर. कुठे फट राहिली तर ती बोटाने चाचपून शोधायची आणि अरुंद पट्टी सरकवून बुजवायची. वरून पुन्हा कापड. अशा थप्प्या करून त्या दाबयंत्राखाली घालतात, चाक आवळतात आणि ओली झालेली कापडं बदलत राहतात. डिंक नाही, खळ नाही. दाबाखाली वरच्या थरातला मऊ गर खालच्या थरात रुतून बसतो आणि रसातला चिकटपणा त्याला धरून ठेवतो. वाळलेलं पान हातात घेतलं तर ते दोन थरांचं आहे हे डोळ्यांना दिसतं, पण नखाने थर सुटत नाहीत.

ही कृती प्राचीन इजिप्तच्या माणसांनी कुठेच लिहून ठेवलेली नाही. थडग्यांच्या भिंतींवर पपायरसची कापणी आहे, मोळ्या वाहणारे लोक आहेत, दांडा सोलणारा माणूसही आहे. पान जुळवणारा कुणी नाही. लेखी वर्णन मिळतं ते इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या प्लिनी या रोमन लेखकाचं. त्याने नाईलच्या गढूळ पाण्याला चिकटवण्याचं श्रेय दिलं. ते चुकीचं आहे. पट्ट्या नेमक्या कशा काढायच्या याबद्दल तर विद्वानांत अजून वाद आहे. 1980 मध्ये इग्नास हेन्ड्रिक्स या अभ्यासकाने असं मांडलं की प्राचीन कारागीर पट्ट्या चिरत नसत, सुईसारख्या साधनाने गर भोवतालून उलगडत असत.

आणि लिहिलं किती गेलं या कागदावर! सक्कारा इथे हेमाका या अधिकाऱ्याच्या थडग्यात सापडलेली कोरी गुंडाळी सुमारे 5000 वर्षांपूर्वीची आहे. तांबड्या समुद्राकाठी वादी अल-जार्फ इथे 2013 मध्ये पिएर तालेत यांच्या पथकाला मिळालेल्या पानांवर, खुफूच्या पिरॅमिडसाठी नावेतून चुनखडीचे दगड वाहणाऱ्या मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. आपल्यालाही जवळचा असा एक तुकडा व्हिएन्नामध्ये जपलेला आहे. दुसऱ्या शतकातला हा ग्रीक दस्तऐवज केरळच्या किनाऱ्यावरच्या मुझिरिस बंदराशी चाललेल्या व्यापाराचा. त्यात कर्जाच्या अटी आहेत, आणि जटामांसी व हस्तिदंत या मालाची किंमत. कोरड्या वाळूने हे सगळं सांभाळलं.

कागद हा या वनस्पतीच्या अनेक उपयोगांपैकी एक. तिचे दोर वळले, चपला, चटया, टोपल्या, शिडं, नावा केल्या, बुंध्याचा कोवळा भाग लोकांनी खाल्ला. इथिओपियाच्या ताना सरोवरात पपायरसच्या नावा आजही चालतात, आणि युगांडा-केनियाच्या पाणथळ भागांत त्याच्या चटया विणल्या जातात.

लिहिण्याचा पपायरस मात्र चिंध्यांपासून बनणाऱ्या कागदापुढे टिकला नाही. अकराव्या शतकापर्यंत तो बाजूला पडला, आणि पुढे नाईलच्या डेल्टातून वनस्पतीही जवळपास नाहीशी झाली. विसाव्या शतकात हसन रगब या इंजिनिअरने ती परत आणली. ते चीनमध्ये इजिप्तचे राजदूत होते आणि हाताने कागद बनवण्याचे घरगुती कारखाने त्यांनी तिथे पाहिले होते. 1960 च्या दशकात त्यांनी सुदानातून रोपं आणली आणि प्रयोग करत करत पान जमवलं. अल-करामूसमध्ये हे काम 1970 च्या दशकात गावातल्याच एका चित्रकला शिक्षकाने रुजवलं. आज ते सगळं पर्यटकांवर उभं आहे. 2011 च्या उठावानंतर पर्यटक आटले, मग कोरोना आला, आणि दोन्ही वेळा पपायरसच्या शेतात इतर पिकं गेली.

यावर आणखी एक घाव बसतो तो नकली मालाचा. केळीच्या किंवा उसाच्या चोथ्याचे पत्रे डिंकाने चिकटवून, वर छापील चित्र मारून ते पपायरस म्हणून विकतात. महाराष्ट्रातून सहलीच्या बसगाड्या भरून माणसं पिरॅमिड पाहायला जातात आणि रस्त्यावर दहा पानांचा गठ्ठा स्वस्तात घेऊन येतात. तुम्ही जाल तेव्हा पान आधी उजेडासमोर धरा. उभ्या-आडव्या पट्ट्यांची जाळी दिसली पाहिजे, आणि त्या पट्ट्या सगळ्या एकसारख्या नसल्या पाहिजेत. मग पान हलकेच गुंडाळा. खरं पान वाकतं, नकली तडकतं. आणि शक्य असेल तर चित्र नसलेलं कोरं पान मागा. हाताचं काम त्यावर पूर्ण दिसतं, आणि पैसेही त्याच कामाचे द्यायचे असतात.