शंभर दिवसांचं अंतर

माझा मामेभाऊ नऊ वर्षांचा असताना रक्ताच्या कर्करोगानं गेला. घरात त्या आजाराचं नाव कुणी घेत नसे. ‘त्याला कळता कामा नये’ हा मामांचा दंडक. डॉक्टर मामांना जिन्यात गाठून हलक्या आवाजात बोलत. मामी स्वयंपाकघरात डोळे पुसून हसऱ्या चेहऱ्यानं खोलीत येई. एका दुपारी मी त्याच्या उशाशी बसले होते. गोट्यांची पिशवी माझ्या हातात देत तो म्हणाला, “ताई, या तुझ्यापाशी ठेव. आईला सांगू नकोस, तिला वाईट वाटेल.”

आम्ही सारे त्याच्यापासून लपवत होतो आणि तो आमच्यापासून!

हे आमच्याच घरी घडलं असं मला बरीच वर्षं वाटत होतं. पुढे मायरा ब्लुबाँड-लँग्नर या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ बाईंच्या १९७८ सालच्या पुस्तकाविषयी वाचलं. ल्युकेमिया झालेल्या तीन ते नऊ वर्षांच्या मुलांमध्ये राहून त्यांनी अभ्यास केला होता. या मुलांना आपण जाणार हे ठाऊक असायचं. पण मोठ्यांना तो विषय नको आहे हेही त्यांनी ओळखलेलं असायचं, म्हणून तीही गप्प राहायची.

मग मोठ्यांनी बोलायचं तरी कसं? या प्रश्नाचा पिच्छा पुरवणाऱ्यांत बोस्टनच्या डॉ. जोआन वुल्फ यांचं नाव महत्त्वाचं आहे. त्या बालकर्करोगतज्ज्ञ. बऱ्या न होणाऱ्या मुलांचं दुखणं सुसह्य करणारी, घरच्यांनाही आधार देणारी जी पॅलिएटिव्ह केअर, तिच्यात त्यांनी आयुष्य घातलं. हार्वर्डमध्ये अध्यापन करताना त्यांनी कर्करोगानं मूल गमावलेल्या १०३ पालकांशी सविस्तर बोलून अभ्यास केला. तो २००० साली प्रसिद्ध झाला. शेवटच्या महिन्यात आपल्या मुलाला निदान एका तरी त्रासानं फार छळलं, असं त्यातल्या ८९ टक्के पालकांनी सांगितलं.

याच पालकांवरच्या दुसऱ्या लेखातला एक आकडा मला अधिक अस्वस्थ करतो. मूल आता बरं होणार नाही हे डॉक्टरांच्या लक्षात आलं ते मृत्यूच्या सरासरी २०६ दिवस आधी. आईवडिलांच्या लक्षात आलं ते १०६ दिवस आधी. मधले शंभर दिवस! त्या दिवसांत डॉक्टरांनी काहीच सांगितलं नसेल असं नाही. पण सांगणं वेगळं आणि समोरच्यापर्यंत पोचणं वेगळं. जिथे दोघांनाही हे वेळेत उमगलं, तिथे घरी ठेवून काळजी घेण्याचा विचार लवकर झाला आणि ती काळजी चांगली झाली, असं पालकांनी नोंदवलं.

‘बोलणं काय शिकवायचं? तो तर ज्याच्या त्याच्या स्वभावाचा भाग!’ असं आपण सहज म्हणतो. पण सलाईनची सुई टोचायला हात बसावा लागतो, तशी याही कामाला जीभ बसावी लागते. बोस्टनच्या बालरुग्णालयात २००२ पासून असे वर्ग सुरू झाले. तिथे नट-नट्या आईबाप होऊन समोर बसतात. डॉक्टर, परिचारिका, समाजसेवक त्यांच्याशी बोलतात आणि नंतर कुठे चुकलं याची एकत्र चर्चा होते.

टोरँटोचे डॉ. रॉबर्ट बकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली सहा पायऱ्यांची एक पद्धत मांडली. ती ऐकायला साधी आहे. निवांत जागा बघा, खुर्ची ओढून बसा. त्यांना काय ठाऊक आहे ते आधी विचारा. किती ऐकायचं आहे तेही विचारा. मग सोप्या शब्दांत, थोडं थोडं सांगा. रडू आलं तर येऊ द्या, ते ओळखून धीर द्या. शेवटी पुढे काय करायचं ते मिळून ठरवा. जिन्यात उभ्या उभ्या यातलं काय होणार?

मुलांशी मरणाबद्दल बोलावं का, याचंही थोडं उत्तर हाती आहे. स्वीडनमधल्या पालकांचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. आपल्या मुलाशी मृत्यूविषयी बोललेले १४७ पालक होते. त्यांतल्या एकालाही पश्चात्ताप नव्हता. न बोललेल्या २५८ पैकी ६९ जणांना मात्र ती खंत उरली होती. उरलेल्यांना ती नव्हती, हेही खरं. म्हणजे प्रत्येक घराला एकच नियम लावता येणार नाही. पण मुलाला कळलं आहे असं ज्यांना आतून जाणवलं होतं आणि तरीही जे गप्प राहिले, त्यांच्यात खंत करणारे जास्त निघाले.

आपल्याकडे वांद्र्याला १९८६ साली शांती आवेदना सदन हे देशातलं पहिलं हॉस्पिस सुरू झालं. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात संवाद आणि नीतिमूल्यं शिकवणारा ‘एटकॉम’ हा भाग आला. पण बाहेर रुग्णांची रांग लागलेली असताना डॉक्टरांनी खुर्ची ओढून बसायचं कधी? आणि आपण नातेवाईक तरी त्यांना बोलू देतो का? ‘डॉक्टर, त्याला काही सांगू नका’ हे वाक्य बहुधा आपलंच असतं.

मामा गेल्यावर एकदा मामीकडे राहायला गेले होते. रात्री दिवा मालवल्यावर अंधारात तिनं विचारलं, “तो तुझ्याशी कधी काही बोलला होता का गं?”

इतकी वर्षं मी त्याला दिलेला शब्द पाळला होता. त्या रात्री मोडला. मामी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “म्हणजे माझ्यासाठी गप्प बसला होय तो!”

पुढच्या खेपेला मी ती गोट्यांची पिशवी तिला नेऊन दिली.